संगणकाचे दार आतून उघडते

पूर्वी आपल्या घरांत एक लोखंडी ट्रंक असायची. सातबाऱ्याचा उतारा, निकाहनामा, पासपोर्ट, शाळेचे दाखले आणि दोन-चार दागिने त्यात जपून ठेवलेले असत. किल्ली दादीच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली असे आणि तिला विचारल्याशिवाय ट्रंक उघडत नसे. आज हेच सारे घरातल्या संगणकात आले आहे. भाईजानच्या व्हिसाची प्रत, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, अब्बांच्या पेन्शनचे कागद, बँकेचे व्यवहार, लग्नाचे आणि आता हयात नसलेल्या माणसांचे फोटो. फरक एवढाच, की या ट्रंकेची किल्ली सातवीतल्या मुलापासून निवृत्त नानांपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या हातात आहे.

पालकसभेत आम्हाला हमखास एक प्रश्न विचारला जातो, "घरच्या कॉम्प्युटरसाठी कोणता अँटिव्हायरस घ्यावा?" प्रश्न योग्य आहे, पण अर्धा आहे. बाहेरून कुलूप कितीही मजबूत लावले, तरी घरातल्याच कोणी आतून कडी काढली तर त्या कुलपाचा काय उपयोग? व्हायरस पाठवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो कुलूप तोडायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो दारावर टकटक करतो आणि आतल्या माणसाने दार उघडावे अशी काही तरी थाप मारतो.

लाहोरचे दोन भाऊ, पुण्याचे दोन भाऊ

संगणकाचा व्हायरस म्हणजे कोणी तरी मुद्दाम लिहिलेला छोटा प्रोग्राम. तो एका संगणकातून दुसऱ्यात स्वतःची नक्कल करत पसरतो. घरगुती वापराच्या आयबीएम धर्तीच्या संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून 'ब्रेन'चे नाव घेतले जाते. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारुक अल्वी या भावांनी तो लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होऊ नयेत, हा आपला हेतू होता असे ते सांगत. त्यांनी त्या व्हायरसमध्ये स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवले होते. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उड्या मारत तो दूरच्या देशांत पोहोचला, आणि मग त्या फोनवर परदेशांतून रागावलेल्या लोकांचे फोन येऊ लागले.

पुढे १९९० च्या दशकात पुण्यातल्या दोन भावांनी उलट काम केले. दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि संगणकाचे शिक्षण घेतलेले त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी 'क्विक हील' हा अँटिव्हायरस तयार केला. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले व्हायरस काढता काढता तो जन्माला आला. शाळेत कमी शिकलेला माणूसही या विषयात मागे राहत नाही, हे आम्ही मुलांना या उदाहरणावरून सांगतो.

आजच्या व्हायरसमध्ये कोणी आपले नाव-पत्ता लिहीत नाही. आजचा व्हायरस पैशासाठी असतो. एखादा गुपचूप बसून पासवर्ड टिपतो, एखादा सगळ्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतो, तर एखादा आपल्या संगणकावरून आपल्या नकळत हजारो लोकांना फसवे मेल पाठवतो.

एका प्रेमपत्राची गोष्ट

४ मे २००० रोजी जगभरातल्या लोकांना एक ईमेल आला. विषयाच्या जागी लिहिले होते 'आय लव्ह यू', आणि सोबत प्रेमपत्राची एक फाइल जोडलेली होती. मेल आला होता ओळखीच्याच माणसाकडून, म्हणजे ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून किंवा नातेवाइकाकडून. कोणाला उघडून पाहावेसे वाटणार नाही? लाखो लोकांनी फाइल उघडली. उघडताच तिने संगणकातले फोटो आणि इतर फाइली खराब केल्या आणि त्या माणसाच्या पत्त्यांच्या यादीतल्या सर्वांना तेच 'प्रेमपत्र' त्याच्या नावाने पाठवून दिले. हा उद्योग फिलिपिन्समधल्या मनिला शहरातल्या एका विद्यार्थ्याचा होता. तेव्हा त्या देशात अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, त्यामुळे त्याच्यावरचा खटला टिकला नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला.

या जुन्या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला असा, की ओळखीच्या नावाने आलेला प्रत्येक मेल त्या माणसानेच पाठवलेला असतो असे नाही. दुसरा फाइलीच्या नावाचा. त्या फाइलीचे नाव 'डॉट टीएक्सटी'वर संपते असे दिसत होते, म्हणजे साधे लिखाण. खरे शेपूट मात्र त्यापुढे होते, 'डॉट व्हीबीएस', म्हणजे चालू होणारा प्रोग्राम. विंडोजने ते लपवले होते. आजही विंडोज हे शेपूट लपवूनच दाखवते. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'वर जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' या पर्यायावर खूण करा, म्हणजे पूर्ण नाव दिसू लागेल. बिल किंवा निकाल म्हणून आलेल्या फाइलीचे शेपूट 'ईएक्सई', 'एससीआर', 'व्हीबीएस' किंवा 'जेएस' असेल, तर ती बिलही नाही आणि निकालही नाही. ती न उघडता काढून टाका. 'झिप' फाइलीच्या पोटातही असे काही असू शकते, तेव्हा तीही जपूनच उघडा.

उघडी राहिलेली खिडकी

काही वेळा मात्र कोणी दार न उघडताही चोर आत शिरतो, कारण खिडकी उघडी राहिलेली असते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने बंद पाडले. प्रत्येक फाइलीला कुलूप लागले आणि पडद्यावर तीनशे डॉलरची मागणी झळकली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांना दिलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. यातली खेदाची बाब अशी, की ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच पाठवली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांचेच संगणक मुख्यतः सापडले.

आपल्या घरीही खाली कोपऱ्यात 'अपडेट' असा संदेश येतो आणि आपण 'नंतर' म्हणतो. ते 'नंतर' म्हणजेच उघडी खिडकी. अपडेट आपोआप होऊ द्यावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. थोड्या मुदतीसाठी वेगळी नोंदणी करून ती मिळवता येते, पण ज्यांच्या संगणकाला झेपेल त्यांनी विंडोज ११ वर जावे हेच बरे. जुना संगणक टाकवत नसेल, तर त्यावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली जाणकाराकडून बसवून घेता येते.

अँटिव्हायरसबद्दल थोडक्यात सांगायचे, तर विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीच असतो. घरगुती वापराला तो पुष्कळदा पुरतो, फक्त तो चालू आहे ना हे पाहावे. विकत घेतलेला वापरत असाल तर वर्षाची मुदत संपल्यावर नूतनीकरण करा. एकाच संगणकावर दोन-दोन अँटिव्हायरस मात्र लावू नका, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. आणि दुकानदाराने कौतुकाने 'फुकट' बसवून दिलेले क्रॅक सॉफ्टवेअर किंवा मुलांनी उतरवलेला क्रॅक गेम हा व्हायरसचा आवडता रस्ता आहे. असे सॉफ्टवेअर बसवताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना असते. पाहुणा घरात शिरण्याआधी राखणदाराला बाहेर काढा म्हणत असेल, तर तो कशाला आला आहे हे कळायला हवे.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पाहुणा

आमच्या शाळेत प्रकल्पवह्यांचे दिवस आले की एक तक्रार ठरलेली असते. मूल पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जाते आणि घरी आल्यावर सगळे फोल्डर गायब झालेले असतात. त्यांच्या जागी त्याच नावाचे 'शॉर्टकट' दिसतात. त्या शॉर्टकटवर टिचकी मारली की व्हायरस घरच्या संगणकात. दुकानदाराचा यात सहसा दोष नसतो. दिवसभरात शंभर लोकांचे पेन ड्राइव्ह त्याच्या एकाच संगणकात जातात.

उपाय सोपा आहे. प्रिंटसाठी एक छोटा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा आणि त्यात फक्त छापायची फाइल घाला. घरी आल्यावर तो उघडण्याआधी अँटिव्हायरसने तपासा, नाही तर सरळ फॉरमॅट करा. घरातले फोटो आणि कागदपत्रे असलेला पेन ड्राइव्ह दुकानात कधीच नेऊ नका. सायबर कॅफेत मेल किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला असेल तर उठण्यापूर्वी 'साइन आउट' करा, आणि उतरवून घेतलेली आधार कार्डाची किंवा गुणपत्रिकेची फाइल तिथून पुसून टाका. बँकेचे व्यवहार तर दुसऱ्याच्या संगणकावर करूच नयेत.

मेल कसा वाचावा?

संशयास्पद मेल ओळखायला इंग्रजी फार यावे लागत नाही. माणूस ओळखायची नजर लागते, आणि ती आपल्या घरातल्या बायाबापड्यांना भरपूर असते. दारावर आलेला अनोळखी विक्रेता घाई करू लागला, की अम्मी लगेच सावध होते. तीच नजर इथे लावायची. फसवा मेल चारपैकी एका दोरीने ओढतो. भीती दाखवतो : "तुमचे खाते आज रात्री बंद होईल." लालूच दाखवतो : "तुम्हाला लॉटरी लागली, आयकराचा परतावा मंजूर झाला." घाई करतो : "फक्त दोन तास शिल्लक." किंवा माया लावतो : "मी तुमचा मित्र, परदेशात अडकलो आहे, पैसे पाठवा." यातली एकही दोरी ओढली जाते आहे असे वाटले, की हात माउसवरून काढून घ्यावा.

त्यानंतर पत्ता पाहावा. पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून नावावर जाऊ नका. नावामागचा पूर्ण ईमेल पत्ता उघडून पाहा. बँक आपल्या खातेदाराला जीमेलवरून पत्र पाठवत नाही. मेलमधल्या लिंकवर टिचकी न मारता माउसचा बाण नुसता तिच्यावर ठेवला, की खाली खरा पत्ता दिसतो. हा पत्ता पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत पाहायचा आणि शेवटाकडून वाचायचा. 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असा पत्ता असेल तर तो आयकर खात्याचा नाही, 'अमुकतमुक डॉट कॉम'वाल्याचा आहे. सुरुवातीचे सरकारी नाव ही नुसती पाटी आहे.

सरकारी संकेतस्थळे साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'वर संपतात. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, आयकर खाते, हज कमिटी ऑफ इंडिया या सर्वांचे पत्ते 'जीओव्ही डॉट इन'चेच आहेत. रिझर्व्ह बँकेने बँकांनाही आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर नेण्यास सांगितले असून त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तरीही सर्वांत सुरक्षित मार्ग एकच आहे : मेलमधल्या लिंकवरून जाऊच नये. बँकेचा किंवा पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून जावे.

अचानक संगणकाचा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि "तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा" असे आले, तर तो फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. 'आल्ट' आणि 'एफ ४' ही बटणे एकत्र दाबून ती खिडकी बंद करा. बंद होत नसेल तर संगणकच बंद करा. आणि फोनवरच्या कोणा 'इंजिनिअर'च्या सांगण्यावरून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर बसवू नका. ते बसवून त्याला परवानगी देणे म्हणजे आपल्या संगणकाचा माउस परक्याच्या हातात देणे.

आठ दिवसांची गप्प

आता ज्यासाठी हा लेख लिहिला, ती गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातल्या डिप्लोमा झालेल्या मुलाला आखातातल्या नोकरीचा मेल आला. वर एका मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह होते आणि सोबत नेमणुकीचे पत्र. व्हिसा आणि मेडिकलसाठी अठरा हजार रुपये भरायचे होते. कोकणातल्या कितीतरी घरांचा चुलीचा खर्च आखातातून येतो, त्यामुळे असा मेल घरात आनंदाचाच वाटतो. अब्बांना एकदम सुखद धक्का द्यावा म्हणून मुलाने गुपचूप पैसे भरले. दोन दिवसांत त्याला शंका आली. पण आता अब्बांना सांगायचे कसे? तो आठ दिवस गप्प राहिला. "थोडे आणखी भरले की काम होईल आणि पैसेही परत मिळतील" या आशेवर त्याने त्या आठ दिवसांत मित्रांकडून उसने घेऊन आणखी बावीस हजार भरले. फसवणाऱ्याने त्याचे अठरा हजार नेले, पण पुढचे बावीस हजार घरातल्या भीतीने नेले.

वास्तविक परदेशात कामगार पाठवणारे नोंदणीकृत एजंट कोण, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. अशा एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. घरात कोणाला तो मेल दाखवला असता, तर पाच मिनिटांत एजंटाचे नाव शोधता आले असते.

याच्या उलट आमच्या वर्गातली एक मुलगी. अभ्यास करताना पडद्यावर तो लाल इशारा आला. तिने घाबरून नंबर फिरवला आणि पलीकडच्या माणसाने सांगितलेले सॉफ्टवेअरही उतरवायला घेतले. पण शेजारी दादी बसली होती. मुलीने तिला विचारले, "दादी, हा माणूस म्हणतो अब्बांच्या बँकेचा नंबर टाक, टाकू?" दादीला संगणकातले काहीच कळत नाही. तिने उठून भिंतीवरचे बटण बंद केले. त्या घरात काहीही गेले नाही.

दादीपाशी कोणताही अँटिव्हायरस नव्हता. पण तिच्यापाशी मूल न घाबरता बोलत होते. आम्ही वर्गात रोज पाहतो, ज्या मुलाला ओरडा बसण्याची भीती असते, ते शाई सांडली तरी लपवते आणि डाग पसरू देते. संगणकाचेही तेच. "कोणी केले हे?" असे ओरडणाऱ्या घरात पुढच्या वेळी कोणी सांगत नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांनी एक वाक्य आधीच बोलून ठेवावे : "चुकून काही दाबले गेले, तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही." हे वाक्य मुलांइतकेच नानांसाठीही आहे. म्हातारी माणसेही लाजेने लपवतात, आणि त्यांच्या खात्यात आयुष्यभराची पुंजी असते.

घडलेच तर

लगेच सांगण्याला पैशातही किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्यानेच खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. आपणच ओटीपी किंवा पासवर्ड सांगून बसलो असू, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतरही चोराने खात्यातून पैसे काढले तर ते बँकेचे. म्हणजे इथे प्रत्येक तास मोलाचा आहे.

तेव्हा आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवा. लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' वर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तिथेच अडवण्याचा प्रयत्न करता येतो. मेल, पावत्या आणि संदेश पुसू नका, तो पुरावा आहे. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, आणि सर्वांत आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्या पासवर्डांची वाट तिथूनच जाते. संगणक साफ करण्यासाठी सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधने मिळतात. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे तक्रार करायला संकोच नको. लाज फसवणाऱ्याने बाळगायची आहे.

या रविवारी एवढे करा

चहा झाल्यावर सगळे संगणकापाशी बसा. अपडेट आणि अँटिव्हायरस चालू आहेत का, ते पाहा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड वेगवेगळे करा आणि ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून चोराला आत येता येणार नाही. रोजच्या वापरासाठी, विशेषतः मुलांसाठी, 'स्टँडर्ड' खाते उघडून द्या. 'ॲडमिनिस्ट्रेटर'चा पासवर्ड एका मोठ्या माणसाकडे राहू द्या, म्हणजे विचारल्याशिवाय नवे सॉफ्टवेअर सहजासहजी बसणार नाही. फोटो आणि कागदपत्रांची एक नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि नक्कल झाली की ती काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या तावडीत तशीच सापडते. १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी भिंतीवर चिकटवा.

आणि शेवटी ते एक वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा, "चुकून काही दाबले गेले तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही." ते म्हणणे सोपे आहे. खरोखर तशी वेळ आली की ते पाळणे, ही आपली मोठ्यांची परीक्षा.